घरट्याच्या तोंडाशी लेन्स रोवणाऱ्या महोदयांस खुले पत्र

प्रति,
तिबोटी खंड्याच्या घरट्यापुढे ट्रायपॉड लावून बसलेले छायाचित्रकार महोदय,
कायमचा मुक्काम शहर. पावसाळी शनिवार-रविवार मुक्काम कर्जत आणि खालापूर

नमस्कार.

सप्रेम लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. यंदाच्या जुलैत कर्जत तालुक्यातल्या एका ओहोळावर तुम्ही जे करून गेलात, ते पाहिल्यावर प्रेम उरत नाही. पत्र तुमच्या घरी पाठवता आलं असतं. पण तुमच्यासारखे पुष्कळ आहेत आणि पावसाळा सुरू झाला की सगळ्यांच्या गाड्या इकडेच वळतात, म्हणून पत्र खुलं ठेवलं. तुमचं नाव यात नाही. ओहोळाचं, गावाचं, जवळच्या वाडीचंही नाव नाही. ते ठिकाण तुम्ही चौघांना सांगितलंत, चौघांनी चाळीस जणांना सांगितलं आणि पुढच्या रविवारी त्या पायवाटेवर गाड्यांची रांग लागली. तसं माझ्या पत्रामुळे होऊ नये.

तुमचा फोटो पाहिला. फार लोकांनी पाहिला आणि फार लोकांनी वाहवा केली. ‘काय टायमिंग!’, ‘कसला शार्प आलाय!’, ‘सर, सेटिंग सांगा ना.’ तुम्ही सेटिंग सांगितलंत, लेन्स सांगितलीत, कॅमेऱ्याचं मॉडेल सांगितलंत. घरट्यापासून किती अंतरावर बसला होतात, एवढं मात्र सांगितलं नाहीत. ते आता मी सांगतो, कारण तुमच्या फोटोतच ते सगळं लिहिलेलं आहे.

मागे काळोखा हिरवा पडदा, पुढे एक उघडी काटकी आणि तिच्यावर तिबोटी खंड्या. तुम्ही मंडळी त्याला ‘ओडीकेएफ’ म्हणता. लालभडक चोच, पिवळंधमक पोट, डोक्यावर जांभळी झाक, पाठीवर काळपट निळाई. चोचीत सापसुरळी. तिच्याकडे नीट बघा. तिचं डोकं चोचीबाहेर, पुढच्या बाजूला आहे. खंड्याला भक्ष्य स्वतः खायचं असलं की तो त्याचं डोकं आपल्या घशाकडे फिरवून घेतो, कारण डोक्याकडून गिळलं तर ते अडकत नाही. दुसऱ्याला भरवायचं असलं की डोकं बाहेरच्या बाजूला ठेवतो, म्हणजे घेणाऱ्याच्या घशात ते नीट उतरतं. म्हणजे ही सापसुरळी त्याची नव्हती. ती बिळात वाट पाहणाऱ्या पिल्लांची होती.

आता तुमचे त्याच दिवशीचे बाकीचे फोटो ओळीनं लावा. पहिल्या फोटोत पक्ष्याच्या पाठीवर उन्हाची तिरीप आहे. मधल्या फोटोंत पाऊस लागलाय, पाण्याच्या तिरक्या रेघा दिसतात. शेवटच्या फोटोत पाऊस थांबलाय आणि मागच्या पानांच्या टोकांवर थेंब लोंबताहेत. सापसुरळी तीच आहे, शेपूट तुटलेली. काटकी तीच, पक्षी तोच. ऊन गेलं, पाऊस आला, पाऊस गेला, एवढा वेळ तो अन्न चोचीत धरून बसला होता, कारण त्याच्या आणि त्याच्या पिल्लांच्या मध्ये तुम्ही बसला होतात. लोकांनी ज्याला ‘टायमिंग’ म्हटलं, तो एका पाखराचा नाइलाज होता. त्या वाहवेतला एक शब्दही तुमच्या वाट्याचा नाही.

तुम्ही गेल्यावर त्या ओहोळावर मी गेलो होतो. काठावरचं पेव आणि नेचे कोयत्यानं साफ केलेले होते, बुंधे अजून ओले होते. बिळाच्या समोर कुड्याची एक फांदी रोवलेली होती आणि ती हलू नये म्हणून तिच्या बुडाशी दगड रचलेले होते. हीच तुमच्या फोटोतली ‘नैसर्गिक’ काटकी. दरडीच्या वरच्या कडेला बुटांचे खोल ठसे होते आणि त्यांच्या भारानं कडेची माती खाली उतरली होती. बिळाचं तोंड दोन बोटं जातील एवढं. चालू बिळाच्या उंबऱ्यावर पक्ष्याच्या पायांनी दोन बारीक चऱ्या पडतात, ये-जा असेल तोवर त्या स्वच्छ राहतात. या बिळाच्या चऱ्यांवर वरून पडलेली माती तशीच बसली होती. त्यावर एकही नख उमटलेलं नव्हतं. मी बिळात बॅटरी मारली नाही, बोट घातलं नाही. मागे सरकून, ओहोळाच्या पार वळणापलीकडून पाहत राहिलो. अन्न घेऊन कुणी आलं नाही.

तुम्ही कुणाच्या दारात बसला होतात हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं. चोचीसकट जेमतेम तेरा सेंटीमीटरचा पक्षी, वजन पंधरा-वीस ग्रॅमच्या आसपास. पहिला पाऊस कोकणात उतरला की हे पक्षी सह्याद्रीच्या पायथ्याच्या दाट, ओल्या जंगलात येतात. कितीतरी जण येता-जाता रात्री दिव्यांना भुलून इमारतींच्या काचांवर आपटतात. त्यातून वाचलेले ओहोळाच्या काठची किंवा रस्त्यासाठी कापलेल्या दरडीची मऊ माती शोधतात आणि नर-मादी मिळून तिच्यात आडवं बीळ खणतात. ते मीटरभर लांब असू शकतं. चोचीनं माती उकरायची, पायांनी मागे लोटायची आणि हे सगळं भर पावसात, दरड ढासळण्याचा धोका पत्करून. आत चार-पाच अंडी. नर-मादी दोघंही आळीपाळीनं उबवतात, सतरा दिवस. मग पिल्लं निघतात आणि साधारण वीस दिवस बिळातच राहतात. त्यांना पाली, सापसुरळ्या, छोटे बेडूक, खेकडे, नाकतोडे, चतुर असं काय काय आणून भरवलं जातं. चिपळूणच्या परिसरात सचिन पालकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्याच्या विणीचा अभ्यास करून तो २००९ मध्ये ‘इंडियन बर्ड्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. म्हणजे ही माहिती काही गुप्त नाही. लेन्सची परीक्षणं वाचायला जेवढा वेळ देता, त्याच्या एका तुकड्यात ती वाचून होते.

सतरा आणि वीस मिळून सदतीस दिवस. कोणतेही सलग सदतीस दिवस घ्या, त्यात पाच शनिवार आणि पाच रविवार येतातच. म्हणजे एका बिळाच्या ठिकाणाची बातमी एकदा फुटली की अंडी घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंत पाच वेळा तिथे गर्दी जमणार. पिल्लं मोठी होत जातात तशी त्यांची भूक वाढते आणि आई-बापाच्या फेऱ्याही वाढतात. नेमक्या त्याच दिवसांत तुमची झुंबड असते, कारण फेऱ्या जास्त म्हणजे फोटोची संधी जास्त. पिल्लांच्या सगळ्यात भुकेल्या दिवशी तुम्ही त्यांच्या दाराशी सगळ्यात जास्त वेळ बसता. याला निसर्गप्रेम म्हणता येत नाही.

आणि नुसती भूकच नाही. तुम्ही कापलेलं पेव हा त्या बिळाचा आडोसा होता. तो गेला की घोरपड, मुंगूस, धामण यांना वाट मोकळी झाली. डोमकावळा माणसाच्या हालचालीवर नजर ठेवून असतो, तुम्ही जिथे सारखे पाहता तिथे तोही पाहतो. दरडीच्या कडेवर उभे राहिलात की पावसानं आधीच फुगलेली माती खचते, बीळ बुजतं किंवा त्यात पाणी शिरतं. मोबाइलवरून नराचा आवाज लावलात की त्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर शिरला. मग तो शिकार सोडून त्या नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. यातलं एकही नुकसान तुमच्या फ्रेममध्ये दिसत नाही. फ्रेम तुम्ही तशीच निवडता.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, कारण तुम्ही स्वतःला कसबी म्हणवता. लहान, चपळ रानपक्ष्याचा फोटो काढणं हे खरोखरच मोठं कसब आहे. ते अवघड का आहे? कारण तो पक्षी पुढच्या क्षणी कुठे असेल ते त्याचं तो ठरवतो. ओहोळाच्या पाण्यावरून हातभर उंचीनं एक निळी-नारिंगी रेघ सुसाट जाते, मागे फक्त एक बारीक, तीक्ष्ण शीळ राहते आणि तुमचा कॅमेरा अजून डोळ्याला लागलेलाही नसतो. हे स्वातंत्र्य हीच त्या फोटोची अवघड बाजू. घरट्यापाशी ते स्वातंत्र्यच उरत नाही. पिल्लं आत आहेत, म्हणून त्याला तिथे यावंच लागतं. तुम्ही कितीही जवळ बसलात, कितीही गोंगाट केलात, तरी तो लगेच सोडून जाऊ शकत नाही. जंगलातल्या सगळ्यात वेगवान पाखरांपैकी एक निवडायचं, ते जिथे बांधलं गेलंय अशी एकमेव जागा शोधायची आणि तिथे काढलेल्या फोटोला ‘वेगाचा वेध’ असं नाव द्यायचं. यात वेध कसला? खुंट्याला बांधलेलं वासरू पकडून शर्यत जिंकल्याचं सांगण्यातला हा प्रकार आहे.

एक काळ असा होता की घरट्यापाशी फोटो काढण्याला तांत्रिक कारण होतं. फिल्म मंद होत्या, कॅमेरे अवजड होते, पक्षी ठरलेल्या जागी येणार हे माहीत असल्याशिवाय फोटोच येत नसे. त्यामुळे पक्षीछायाचित्रणाच्या सुरुवातीच्या कित्येक दशकांतला मोठा भाग घरट्यांचा आहे. इंग्लंडचे प्रसिद्ध छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचा डावा डोळा १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्यापाशी काम करताना त्या घुबडाच्या पंजानं गेला. तेव्हाच्या माणसांनाही घरट्यापाशी जाण्याची किंमत होती, फक्त ती बहुतेक वेळा पक्षीच भरत असे.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. १९३० मध्ये सालीम अली अलिबागजवळ किहीमला राहत होते. तिथल्या सुगरणींच्या वसाहतीवर ते महिनोन् महिने नजर ठेवून होते, शिडीवर बसवलेल्या कापडी आडोशात दडून. एकेक नर अनेक घरटी कशी विणतो, एका नराकडे अनेक माद्या कशा येतात, हे त्यांनी टिपून ठेवलं आणि १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडलं. घरट्यापाशी घालवलेल्या वेळातून पक्ष्याविषयी नवं काही कळलं, म्हणून त्या वेळाला अर्थ आहे. तुम्ही त्या ओहोळावरून परत आलात तेव्हा तिबोटी खंड्याविषयी कोणती नवी गोष्ट घेऊन आलात? अन्न कितीदा आलं याची नोंद केलीत? पिल्लं किती दिवसांची होती हे तुम्हाला कळलं होतं? तुमच्या मजकुरात एवढंच होतं: ‘अखेर स्वप्न पूर्ण.’ कुणाचं?

आज तुमच्या हातातला कॅमेरा सेकंदाला वीस-तीस फ्रेम टिपतो. पानांच्या गर्दीतून पक्ष्याचा डोळा शोधून त्यावर फोकस धरून ठेवतो. काही कॅमेरे तर बटण दाबण्याच्या आधीच्या फ्रेमसुद्धा राखून ठेवतात. शटरचा आवाज पूर्ण बंद करता येतो. हॉस्किंग यांच्या पिढीकडे यातलं काही नव्हतं. म्हणजे घरट्यापाशी जाण्याची जी तांत्रिक अडचण होती, ती तुमच्या पिढीत संपली. अडचण संपली आणि तुम्ही अजून तिथेच बसलेले आहात.

झाडोरा का कापलात तेही मला कळतं. पावसाळी जंगलात, दाट छायेत उजेड फार कमी असतो. बसलेल्या पक्ष्यासाठी शटर १/१२५ चाललं, तर उडत्या पक्ष्याचे पंख गोठवायला १/२००० लागतं. म्हणजे उजेड सोळापट कमी. तो भरून काढायला आयएसओ १६०० वरून थेट २५,६०० वर न्यावा लागतो आणि फोटोत दाणे उमटतात. मग दाणे नकोत म्हणून कुणी फांद्या छाटतो, कुणी फ्लॅश लावतो, कुणी बिळासमोर काटकी रोवतो, म्हणजे पक्षी आपल्या सोयीच्या अंतरावर आपल्या सोयीच्या उजेडात थांबेल. फोटोतले दाणे घालवण्यासाठी त्याच्या घराचा आडोसा घालवायचा, हा हिशेब तुम्ही मनाशी नक्की केला होता. म्हणून याला चूक म्हणत नाही, गुन्हा म्हणतो.

यावर तुम्ही विचाराल, मग फोटो काढायचाच नाही का? काढा की. कर्जत-खालापूर त्यासाठी किती श्रीमंत आहे हे तुम्ही कधी पाहिलंच नाही, कारण गाडीतून उतरून तुम्ही थेट बिळाकडे चालत जाता.

तिबोटी खंड्याला घरट्यापासून लांब, त्याच्या शिकारीच्या जागी पाहा. ओहोळावर वाकलेल्या, जमिनीलगतच्या फांद्यांवर तो पुन्हा पुन्हा येऊन बसतो. आधी शीळ ऐकायला शिका, कारण तो दिसण्याआधी ऐकू येतो. त्याच्या बसण्याच्या फांद्या ओळखल्या की तिथून चांगलं अंतर ठेवून, झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसा आणि हलू नका. तो बसल्या बसल्या मान सारखी वरखाली करतो. दोन हालचालींच्या मध्ये एक क्षण मान थांबते. तो क्षण ओळखता आला तर १/१२५ लासुद्धा डोळा लख्ख येतो. तो भक्ष्य फांदीवर आपटतो, पाण्यात टुपकन सूर मारून अंघोळ करतो, ओली पिसं झटकतो. हे सगळं घरट्याबाहेर, मोकळेपणी घडतं. तुमच्या फोटोतला पक्षी ताठ, पिसं अंगाशी आवळून बसलेला आहे. मोकळा पक्षी तसा बसत नाही. ज्यानं दोन्ही पाहिलेत त्याला हा फरक पहिल्या नजरेत कळतो.

उडता पक्षीच हवा असेल तर उजेडात या. वेडा राघू तारेवरून उडतो, किडा धरतो आणि बहुतेक वेळा त्याच तारेवर परत येतो. त्याची ही सवय एकदा कळली की परतीच्या वाटेवर फोकस धरता येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस-पांगारे फुलले की शिंजीर एका फुलोऱ्यावरून दुसऱ्यावर ठरलेला फेरा मारतो. फुलापाशी थांबा, तोच तुमच्याकडे येईल. उल्हास नदीवरच्या पुलांवरून संध्याकाळी भिंगऱ्या आणि पाकोळ्या पाण्याला शिवून जाताना पाहा, १/३२०० ला सुद्धा हात थरथरेल. नाचणाच्या पंख्यासारख्या शेपटीची एक फ्रेम मिळवण्यासाठी अख्खी सकाळ जाते. या फोटोंत तुमची मेहनत, तुमची नजर, तुमचा धीर दिसेल, आणि त्यातला एकही पक्षी त्या दिवशी उपाशी राहणार नाही.

तुमची उत्तरं मला पाठ आहेत. ‘माझी लेन्स सहाशेची आहे, मी लांबून काढतो.’ लांबून काढत असता तर पेव कापावं लागलं नसतं. अंतर मीटरमध्ये मोजू नका. पक्षी अन्न घेऊन सरळ बिळात जातो की फांदीवर अडून बसतो, यावरून मोजा. अडून बसला की तुम्ही जवळ आहात, मग लेन्स कितीही मोठी असो. त्या क्षणी उठून निघून जायचं, एवढा एकच नियम आहे.

‘आमच्या फोटोंमुळे लोकांना हा पक्षी कळतो, संवर्धन होतं.’ लोकांना पक्षी कळला तो चांगल्या फोटोंमुळेही कळला असता. तुमच्या फोटोनं लोकांना बीळ कळलं. त्याखालच्या पहिल्या दहा प्रतिक्रियांत ‘लोकेशन?’ हा प्रश्न कितीदा आला ते पुन्हा वाचा. त्यांना तुम्ही खासगीत काय उत्तर दिलंत, तेही आठवा.

‘वाडीतल्या पोरानंच जागा दाखवली.’ हे वाक्य तुम्ही सगळ्यात आधी पुढे करता आणि त्याचाच मला जास्त राग येतो. ठाकर-कातकरी वाड्यांतल्या पोरांना हे जंगल तुमच्या नकाशापेक्षा जास्त माहीत आहे. कुठल्या दरडीत कुणाचं बीळ आहे, कुठल्या झाडावर कुणाचं घरटं आहे, हे त्यांना शिकवावं लागत नाही. त्या पोराच्या हातावर नोट टेकवून तुम्ही त्याची ही जाण विकत घेतलीत आणि दोष आला की त्याच्याच अंगावर ढकललात. तीच नोट ‘या बिळाकडे कुणाला नेऊ नकोस, आणि पिल्लं उडाली की मला सांग’ म्हणून देता आली असती. मग तो पुढच्या पाच रविवारी तुमच्यासारख्यांना त्या वाटेवरूनच परत पाठवत राहिला असता. त्याला पैसे हवेत यात गैर काही नाही. पैसे कशासाठी द्यायचे हे तुमच्या हातात होतं.

‘सगळेच काढतात, मी एकट्यानं थांबून काय होणार?’ सगळे काढत नाहीत. घरट्यावरचे फोटो घेणं अनेक स्पर्धांनी थांबवलंय. पक्षीनिरीक्षकांचे कितीतरी गट असा फोटो आला की काढून टाकतात. कर्जत-खालापुरात वर्षानुवर्षं पक्षी पाहणारी माणसं आहेत, ज्यांना बिळं माहीत आहेत आणि ज्यांच्याकडे त्यांचा एकही फोटो नाही. ती माणसं तुमच्याइतकी प्रसिद्ध नाहीत, कारण त्यांनी पक्ष्याला आधी पाहिलं आणि स्वतःला नंतर.

आता कायद्याचं बोलू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २(१६) मध्ये शिकारीची व्याख्या आहे. रानटी पक्ष्यांची अंडी फोडणं तर त्यात आहेच, पण अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही त्यात आहे. बंदूक हातात असायलाच हवी असं कायदा म्हणत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याखालच्या सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पूर्वी बंदुका घेऊन येणारी मंडळी निदान लपूनछपून यायची. तुम्ही दिवसाढवळ्या येता, पुरावा स्वतःच्या हातानं तयार करता, त्यावर आपलं नाव छापता आणि लोकांना दाखवता. फोटोच्या फाइलमध्ये तारीख असते, वेळ असते, कधी कधी जागासुद्धा असते.

वनविभागालाही एक सांगणं आहे. धबधब्यांवर माणसं बुडू नयेत म्हणून प्रशासन कर्जत-खालापुरात दर पावसाळ्यात मनाई आदेश काढतं आणि ते योग्यच आहे. त्याच चार महिन्यांत याच ओहोळांवर विणीचा हंगाम असतो. माहीत असलेल्या विणीच्या जागांवर शनिवार-रविवारची गस्त, वाडीतल्या मुलांना मानधनावर राखणदारी आणि दोन-तीन प्रकरणांत खरोखर कारवाई, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडेल. घरट्यापाशी गर्दी दिसली तर १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर कळवा, असं मी वाचकांनाही सांगतो. भांडत बसू नका, त्या भांडणाचा त्रासही त्याच पक्ष्याला होतो.

तुमच्याकडून मला माफीनामा नको. तीन गोष्टी हव्यात. पहिली, तो फोटो काढून टाका आणि का काढून टाकला हे त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे लिहा. तुमचा फोटो पाहून ज्यांना तसाच हवासा वाटला, त्यांच्यापर्यंत ते पोचलं पाहिजे. दुसरी, ज्यांना ज्यांना ते ठिकाण सांगितलंत त्या प्रत्येकाला कळवा की त्यानं तिथे जाऊ नये आणि पुढे कुणाला सांगू नये. तिसरी, येत्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुठल्याही घरट्यापासून लांब राहा. बीळ चुकून दिसलंच तर पाठ फिरवून चालू लागा आणि कॅमेरा बॅगेतच राहू द्या. तुमच्याकडे लोक शिकायला येतात, तुम्ही शिबिरं घेता, तुमच्या मागे वीस-वीस जण जंगलात येतात. तुम्ही पाठ फिरवलीत तर तेही फिरवतील. तुमच्या शब्दाला वजन आहे म्हणूनच हे पत्र तुम्हाला आहे, एखाद्या नवशिक्याला नाही.

पहिली वीण फसली तर हे पक्षी कधी कधी दुसऱ्यांदा प्रयत्न करतात. यंदा त्यांनी तो कुठे केला असेल, तर ती जागा तुमच्या हाती लागू नये एवढीच इच्छा आहे. पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा येतील. मीही त्या ओहोळांवर असेन आणि घरट्यासमोर ट्रायपॉड दिसला तर पत्र लिहिणार नाही, रीतसर तक्रार करीन. तिला जोडायचा पुरावा तुम्ही स्वतःच काढून, नाव टाकून ठेवलेला असेल.

कळावे,
कर्जतचा एक पक्षीनिरीक्षक